मराठी लोकसेवा प्रसारणाचे भवितव्य आणि त्यावर लोकप्रतिनिधींची देखरेख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशवाणीची केंद्रे आणि दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी यांच्याविषयी मराठी माणूस आपुलकीने बोलतो. मात्र त्यांचा कारभार कोणत्या कायद्याने चालतो, त्यांना जाब विचारण्याचा अधिकार कोणाला आहे आणि तो कितपत वापरला जातो, याची चर्चा फारशी होत नाही. पुढील प्रश्नोत्तरे त्याच चर्चेसाठी आहेत. जिथे माहिती दिली आहे तिथे ती माहिती म्हणून, आणि जिथे मत मांडले आहे तिथे ते मत म्हणूनच वाचावे.

लोकसेवा प्रसारण आणि सरकारी प्रसारण यांत फरक काय?

सरकारी प्रसारणात सरकार बोलते आणि लोक ऐकतात. लोकसेवा प्रसारणाचा खर्च लोक करतात, त्याची मालकी लोकांची असते, आणि सरकार हा त्यात बातमीचा एक विषय असतो. राज्य शासनाच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाचा ‘दिलखुलास’ हा कार्यक्रम आकाशवाणीवरून ऐकू येतो, पण त्याची जबाबदारी शासनाची आहे. त्याच केंद्रावरील वृत्तविभागाने शासनाच्या एखाद्या निर्णयाची दुसरी बाजू सांगितली, तर ते लोकसेवा प्रसारण झाले. एकाच केंद्रावरून, एकाच आवाजात या दोन्ही गोष्टी येत असल्यामुळे श्रोत्याला त्यांतील सीमारेषा दिसत नाही, आणि ही रेषा राखण्याचे काम ज्यांच्याकडे आहे त्यांच्यावर देखरेख का हवी, याचे पहिले कारण हेच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले आणि त्यांचे नियंत्रण समाजातील सर्व घटकांचे प्रतिनिधित्व करणाऱ्या स्वायत्त सार्वजनिक संस्थेकडे असावे, असा निर्वाळा दिला. सरकारची मक्तेदारी आणि खाजगी मक्तेदारी या दोन्ही गोष्टी न्यायालयाला सारख्याच घातक वाटल्या होत्या, हे विसरता कामा नये.

प्रसारण हा विषय केंद्राचा की राज्याचा?

केंद्राचा. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत ३१ व्या नोंदीत टपाल, तार, दूरध्वनी यांच्याबरोबर प्रसारणाचाही उल्लेख आहे. त्यामुळे आकाशवाणी किंवा दूरदर्शन यांच्याविषयी कायदा करण्याचा अधिकार महाराष्ट्राच्या किंवा गोव्याच्या विधानमंडळाला नाही. मात्र कायदा करण्याचा अधिकार आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे त्या एकच समजल्या गेल्या आणि त्यामुळे राज्याच्या लोकप्रतिनिधींनी या विषयाकडे पाठच फिरवली.

संसदेने देखरेख कशी करावी, हे कायद्यात लिहिले आहे का?

लिहिले आहे, आणि बरेच नेमकेपणाने लिहिले आहे.

प्रसार भारती हे आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणारे महामंडळ. त्याचा प्रसार भारती कायदा १९९० साली संमत झाला, पण तो अमलात यायला सप्टेंबर १९९७ उजाडला आणि २३ नोव्हेंबर १९९७ रोजी महामंडळ प्रत्यक्ष स्थापन झाले. त्यामागे मोठा इतिहास आहे. आणीबाणीत आकाशवाणीचा जो वापर झाला, त्यानंतर नेमलेल्या बी. जी. वर्गीस यांच्या कार्यगटाने १९७८ मध्ये ‘आकाश भारती’ नावाचा राष्ट्रीय न्यास सुचवला होता. राज्यवार स्वतंत्र महामंडळांना त्या गटाचा विरोध होता, तरी कारभार मात्र शक्य तितका विकेंद्रित असावा असा त्याचा आग्रह होता. त्यानंतर आलेले १९७९ चे विधेयक लोकसभा विसर्जित झाल्यामुळे बारगळले आणि पुढे अकरा वर्षांनी जो कायदा आला त्यात यांतले काही आले, काही गळाले.

या कायद्याच्या बाराव्या कलमात महामंडळाची उद्दिष्टे आहेत. नागरिकाला सार्वजनिक हिताच्या सर्व बाबींची मुक्त, सत्य आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळण्याचा हक्क जपणे हे त्यांपैकी एक. देशाच्या विविध प्रदेशांतील संस्कृतींना आणि भाषांना योग्य कार्यक्रमांद्वारे पुरेसे स्थान देणे हे दुसरे. म्हणजे मराठीतील प्रसारण हे दिल्लीने दाखवलेले औदार्य नसून ते महामंडळाचे कायदेशीर कर्तव्य आहे.

हे कर्तव्य पार पाडले जाते की नाही, हे पाहण्यासाठी तेराव्या कलमाने २२ सदस्यांची संसदीय समिती सांगितली आहे. त्यांपैकी १५ सदस्य लोकसभेने आणि ७ राज्यसभेने आपल्यातून निवडून द्यायचे, तेही प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने, म्हणजे केवळ बहुमताच्या पक्षाची समिती होऊ नये अशा रीतीने. महामंडळ बाराव्या कलमाप्रमाणे वागते का, यावर या समितीने संसदेला अहवाल द्यायचा. चौदाव्या आणि पंधराव्या कलमांत प्रसारण परिषदेची तरतूद आहे. तिच्याकडे नागरिकाला कार्यक्रमाविषयी तक्रार करता यावी अशी ती रचना आहे, आणि या परिषदेला आपल्या मदतीसाठी प्रादेशिक परिषदा नेमण्याची मुभाही कायद्याने दिलेली आहे.

कायदा लागू होऊन पाव शतकाहून अधिक काळ लोटला, आणि ही समिती अद्याप कामाला लागलेली नाही. परिषदही नाही, म्हणून प्रादेशिक परिषदाही नाहीत. या काळात केंद्रात निरनिराळ्या पक्षांची आणि आघाड्यांची सरकारे आली आणि गेली. म्हणून हा दोष कोणा एका पक्षाच्या माथी मारता येत नाही. पण माझ्या मते या विषयातला सर्वांत गंभीर मुद्दा हाच आहे. नवा कायदा हवा, नवी संस्था हवी अशा मागण्या होत असतात. इथे मात्र जुनाच कायदा अंमलबजावणीची वाट पाहतो आहे.

मग आज प्रसार भारतीला कोण प्रश्न विचारते?

संसदेची दळणवळण आणि माहिती तंत्रज्ञानविषयक स्थायी समिती माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या तपासते आणि त्या ओघात प्रसार भारतीचीही झाडाझडती घेते. ३१ खासदारांच्या या समितीचे अहवाल वाचण्यासारखे असतात. रिक्त पदे, रखडलेली कामे, न वापरलेला निधी यांवर तिने वेळोवेळी बोट ठेवले आहे. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक हिशेब तपासतात. वार्षिक अहवाल दोन्ही सभागृहांपुढे ठेवला जातो. खासदार तारांकित आणि अतारांकित प्रश्न विचारतात.

मात्र या सगळ्यांत एक उणीव आहे. स्थायी समितीसमोर दूरसंचार, टपाल, माहिती तंत्रज्ञान असे अनेक मोठे विषय असतात आणि तिच्या तपासणीचा मुख्य आधार पैसा हा असतो. सांगली केंद्रावर स्वतःच्या निर्मितीचे किती तास उरले, परभणीच्या शेतीविषयक कार्यक्रमाला ध्वनिमुद्रणासाठी बाहेर जाणारा माणूस आहे का, हे प्रश्न त्या पातळीवर पोचतच नाहीत. तेराव्या कलमातील समितीचा आधार पैसा नसून उद्दिष्टे हा आहे, आणि भाषा व प्रदेश हे त्या उद्दिष्टांतच आहेत.

सरकार प्रसार भारतीला आदेश देऊ शकते का?

कलम २३ प्रमाणे देशाचे सार्वभौमत्व, एकता, सुरक्षा किंवा सार्वजनिक सुव्यवस्था यांसाठी एखादी गोष्ट प्रसारित करण्याचा किंवा न करण्याचा निर्देश केंद्र सरकार देऊ शकते. मात्र असा प्रत्येक निर्देश संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा लागतो आणि आपण हे निर्देशानुसार प्रसारित करत आहोत, असे सांगण्याची मोकळीक महामंडळाला आहे. तरतूद चांगली आहे. अडचण लेखी निर्देशाची नाही. दूरध्वनीवरून दिलेल्या सूचनेची नोंद कुठेच होत नाही, ही आहे.

मराठीत या प्रसारणाचा पसारा किती आहे?

मुंबईचे रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. तेव्हा ते एका खाजगी कंपनीचे होते. नागपूर केंद्र १९४८ मध्ये आणि पुणे केंद्र १९५३ मध्ये आले. पुढे सांगली, परभणी, जळगाव, छत्रपती संभाजीनगर, रत्नागिरी आणि त्यानंतर अनेक जिल्ह्यांची स्थानिक केंद्रे आली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. उपग्रहावरील मराठी वाहिनी १९९४ मध्ये आली आणि २००० साली तिला सह्याद्री हे नाव मिळाले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मराठी मातृभाषा सांगणारे लोक ८ कोटी ३० लाख आहेत.

या यादीपेक्षा महत्त्वाची एक जुनी गोष्ट सांगतो. १९५६ मध्ये पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे उभी केली. आठवड्यातून दोनदा गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, ऐकल्यावर त्यावर आपापसांत चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवत. पुढच्या प्रसारणात त्यांना उत्तरे मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचा अभ्यास केला आणि मंडळे असलेल्या गावांत माहितीची वाढ ठळकपणे दिसली. पुढे हा प्रयोग देशभर नेण्यात आला, आणि विकसनशील देशांतील रेडिओविषयीच्या अभ्यासात त्याचा उल्लेख आजही होतो. प्रसारणाने ऐकायचेही असते, हे मराठी मुलखाने जगाला सत्तर वर्षांपूर्वी दाखवून दिले होते. आज प्रादेशिक केंद्रांचे मूल्यमापन होते तेव्हा त्यांचा महसूल आणि समाजमाध्यमांवरील दर्शकसंख्या मोजली जाते. श्रोत्यांच्या किती प्रश्नांना उत्तर मिळाले, हे कोणी मोजत नाही.

पुणे आकाशवाणीच्या वृत्तविभागाचे २०२३ मध्ये काय झाले होते?

जून २०२३ मध्ये पुणे केंद्रातील प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून तेथील बातमीपत्रे छत्रपती संभाजीनगर केंद्रावरून प्रसारित करण्याचा आदेश निघाला. सकाळी ७ वाजून १० मिनिटांचे पुण्याचे बातमीपत्र हा पश्चिम महाराष्ट्रातील असंख्य घरांचा नित्याचा भाग आहे, त्यामुळे श्रोत्यांनी, पत्रकारांनी आणि राजकीय कार्यकर्त्यांनी पक्षभेद विसरून विरोध केला. काही दिवसांतच तत्कालीन माहिती व प्रसारणमंत्री अनुराग ठाकूर यांनी निर्णयाला स्थगिती दिल्याचे जाहीर केले.

बातमीपत्र वाचले याचा आनंद आहेच. पण हा प्रसंग शांतपणे तपासला, तर दोन गोष्टी लक्षात येतात. निर्णय घेताना कोणत्याही निर्वाचित सभागृहाला किंवा श्रोत्यांच्या प्रतिनिधींना काही विचारले गेले नव्हते. आणि तो मागे घेतानाही कोणत्याही सभागृहात त्याची चिकित्सा झाली नाही. मंत्र्यांनी सांगितले आणि तो थांबला. स्वायत्त म्हणवणाऱ्या महामंडळाचा एक प्रशासकीय आदेश मंत्र्यांच्या घोषणेने थांबतो, याचा अर्थ देखरेखीचा एकच दरवाजा उघडा आहे आणि तो मंत्रालयाचा आहे. पुण्याच्या श्रोत्यांचा आवाज त्या दरवाजापर्यंत पोचला, कारण पुणे हे मोठे शहर आहे आणि तेथे वृत्तपत्रे, संस्था, नेते आहेत. उद्या बीड किंवा यवतमाळच्या स्थानिक केंद्राचे दिवसाचे तास कमी करून तेथे मोठ्या केंद्राचे सहक्षेपण, म्हणजे त्याचेच कार्यक्रम जसेच्या तसे ऐकवणे, सुरू झाले, तर त्याची बातमी तरी होईल का? नियमित, सार्वजनिक आणि नोंद राहणारी सुनावणी हवी ती अशा लहान केंद्रांसाठी हवी.

इतक्या खाजगी मराठी वाहिन्या असताना याची गरज काय?

दूरचित्रवाणीपुरता हा प्रश्न रास्त आहे. रेडिओवर मात्र परिस्थिती अगदी उलट आहे. आजवरच्या धोरणानुसार खाजगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी प्रसारित करण्याची तेवढी परवानगी आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०२३ मध्ये दर तासाला दहा मिनिटे बातम्यांना मुभा द्यावी अशी शिफारस केली होती. ती अमलात येईपर्यंत मराठी रेडिओवरचा वृत्तकक्ष म्हणजे आकाशवाणीचा वृत्तविभाग. तो आक्रसला, की रेडिओवरची मराठी बातमीच आक्रसते.

दुसरे कारण आपत्तीचे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत वीज गेली, मोबाइलचे मनोरे बंद पडले आणि अनेक गावे कित्येक दिवस संपर्काबाहेर राहिली. अशा वेळी सेलवर चालणारा रेडिओ हेच साधन उरते, आणि त्यावर त्या तालुक्याची माहिती त्या तालुक्याला समजेल अशा भाषेत देणारे माणूस जवळच्या केंद्रात असावे लागते. सारे कार्यक्रम मुंबईहून येऊ लागले, तर प्रक्षेपक चालू राहील आणि उपयोग मात्र संपेल.

गोंडी, कोरकू, भिली, वारली बोलणाऱ्यांसाठी बाजार वाहिनी काढणार नाही, हेही येथे सांगायलाच हवे. मराठीने दिल्लीकडे जो न्याय मागायचा, तोच न्याय या भाषांनी मुंबईकडे आणि नागपूरकडे मागितला तर तो द्यावा लागेल.

पैसा कुठून येतो?

एके काळी रेडिओचा परवाना पोस्टात जाऊन नूतनीकरण करावा लागे. १९८० च्या दशकाच्या मध्यावर ते शुल्क रद्द झाले. आज वेतनाचा मोठा भाग केंद्राच्या अनुदानातून येतो, बाकी जाहिरातींतून आणि डीडी फ्री डिश या निःशुल्क उपग्रह सेवेवरील जागांच्या लिलावातून. ही सेवा देशातील चार कोटींहून अधिक घरांत आहे, आणि लिलावात सर्वाधिक राखीव किंमत हिंदी मनोरंजन वाहिन्यांच्या गटाला असते, कारण उत्पन्न तिथून आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने पायाभूत सुविधांसाठी २,५३९.६१ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. यंत्रांसाठी पैसा मिळतो आहे ही चांगली गोष्ट आहे. पण प्रक्षेपक बोलत नाही, निवेदक बोलतो. कायम पदे भरली जात नाहीत आणि केंद्रे नैमित्तिक उद्घोषकांच्या भरवशावर चालतात, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक केंद्रातून ऐकू येते. अनुदानाचा किती भाग प्रादेशिक निर्मितीवर खर्च करायचा याचे बंधन कायद्यात घातले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नव्या तंत्रज्ञानामुळे हा प्रश्न आपोआप सुटणार नाही का?

काही अंशी सुटेल. आकाशवाणीच्या ॲपवर देशभरातील दोनशेहून अधिक केंद्रे ऐकता येतात, त्यामुळे बेळगाव, इंदूर, बडोदा किंवा परदेशातील मराठी माणसाला रत्नागिरी केंद्र ऐकणे शक्य झाले आहे. प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातील चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ हे ओटीटी व्यासपीठ सुरू केले आणि त्यात मराठीचाही समावेश आहे.

दुसरीकडे, जमिनीवरून होणारे दूरदर्शनचे जुने प्रक्षेपण मोजकी ठिकाणे वगळता मार्च २०२२ पर्यंत बंद झाले. जुने मध्यमलहरी प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद होत आहेत आणि भर एफएमवर आहे. एफएमचा आवाज स्वच्छ असतो, पण त्याच्या लहरी डोंगराआड पोचत नाहीत. सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत, सातपुड्यात आणि कोकणात मध्यमलहरी जिथे पोचत होत्या, तिथे एफएम पोचेलच असे नाही. वर उल्लेखिलेल्या योजनेचेच लक्ष्य पाहिले तर एफएमची व्याप्ती ५९ टक्के भूभागावरून ६६ टक्क्यांवर आणि ६८ टक्के लोकसंख्येवरून ८० टक्क्यांवर नेण्याचे आहे. म्हणजे लक्ष्य पूर्ण झाल्यावरही एक तृतीयांश भूभाग बाहेर राहतो. तो कोणता, हे ठरवताना स्थानिक प्रतिनिधींना विचारायला नको का?

महाराष्ट्र शासनाने स्वतःची वाहिनी का काढू नये?

केंद्र त्याला परवानगी देत नाही. ऑक्टोबर २०२२ च्या सूचनेने राज्य सरकारांना आणि त्यांच्या संस्थांना प्रसारणात उतरण्यास मनाई केली आणि चालू असलेली प्रसारणे प्रसार भारतीमार्फत करण्यास सांगितले. तसेही, ज्याच्यावर बातमी द्यायची त्याच्याच हाती ध्वनिक्षेपक देणे हा उपाय नव्हे.

इतर देशांत प्रादेशिक सभागृहांचा सहभाग कसा असतो?

आपल्या दृष्टीने सर्वांत उपयोगी उदाहरण स्कॉटलंडचे आहे, कारण तेथील घटनात्मक अडचण हुबेहूब आपल्यासारखी आहे. १९९८ च्या स्कॉटलंड कायद्याने प्रसारण हा विषय लंडनच्या संसदेकडे राखून ठेवला आहे. एडिनबराच्या संसदेला त्यावर कायदा करता येत नाही. तरीही २०१५ मध्ये झालेल्या सामंजस्य करारानुसार आणि पुढे २०१७ पासून लागू झालेल्या सनदेनुसार बीबीसीला आपला वार्षिक अहवाल स्कॉटलंडच्या संसदेपुढेही ठेवावा लागतो आणि तिच्या समित्यांपुढे जाऊन उत्तरे द्यावी लागतात. वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांनाही हाच अधिकार आहे. वेल्श भाषेसाठी १९८२ पासून स्वतंत्र सार्वजनिक वाहिनी आहे आणि त्या भाषेचे वेल्समधील भाषक साडेपाच लाखांच्या आत आहेत. आठ कोटींच्या भाषेने याहून कमी का मागावे?

जर्मनीत तर प्रसारण हा मुळात राज्यांचाच विषय असल्याचे तेथील घटना न्यायालयाने १९६१ मध्ये ठरवले. त्याच न्यायालयाने २०१४ मध्ये झेडडीएफ या वाहिनीच्या देखरेख मंडळांत शासनाशी संबंधित सदस्य एक तृतीयांशाहून अधिक नसावेत, असा निर्णय दिला. अधिकार राज्यांकडे असले म्हणजे स्वातंत्र्य आपोआप येते असे नाही, हा त्यातला धडा आहे.

महाराष्ट्राचे विधिमंडळ आज, कायदा न बदलता, काय करू शकते?

तीन गोष्टी. तेराव्या कलमातील समिती आणि चौदाव्या कलमातील परिषदा स्थापन कराव्यात अशी शिफारस करणारा ठराव दोन्ही सभागृहे करू शकतात. असा ठराव केंद्रावर बंधनकारक नसतो, पण त्याला राज्याच्या एकमताचे वजन असते.

दुसरे, विधिमंडळाच्या समितीने प्रसार भारतीच्या अधिकाऱ्यांना वर्षातून एकदा चर्चेसाठी निमंत्रण द्यावे. हजर राहण्याची सक्ती करणारी तरतूद प्रसार भारती कायद्यात नाही, हे खरे. पण निमंत्रण देण्यास बंदीही नाही. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात हे सहज करता येईल. विदर्भाची केंद्रे त्या निमित्ताने चर्चेत येतील. प्रत्येक केंद्राचे मंजूर आणि भरलेले पद, स्वनिर्मित कार्यक्रमांचे तास, सहक्षेपणाचे तास, बोलीभाषांतील कार्यक्रम आणि आपत्तीच्या वेळची तयारी या पाच बाबींचे लेखी निवेदन मागावे आणि ते जसेच्या तसे प्रसिद्ध करावे.

तिसरे काम स्वतःच्या घरातले आहे. सह्याद्रीवरील आणि आकाशवाणीवरील राज्य शासनाच्या कार्यक्रमांवर किती खर्च होतो आणि त्यात विरोधी मताला स्थान असते का, हे विधिमंडळाने आपल्याच शासनाला विचारावे. जे राज्य स्वतःच्या प्रसिद्धीचा हिशेब देते, त्याच्या मागणीला दिल्लीत अधिक मान मिळेल.

पुढच्या टप्प्यावर कायद्यात एक छोटी दुरुस्ती हवी: महामंडळाच्या वार्षिक अहवालाचा राज्यनिहाय भाग संबंधित विधिमंडळापुढे ठेवला जावा. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसारण सेवा विधेयकाचा जो मसुदा लोकांपुढे ठेवला गेला, त्याचा रोख प्रामुख्याने केबल, उपग्रह आणि ओटीटी सेवांच्या नियमनाकडे होता. तो विषय पुन्हा हाती घेतला जाईल तेव्हा सार्वजनिक प्रसारकाच्या उत्तरदायित्वाचे प्रकरण त्यात जोडून घेण्याची संधी आहे.

आमदारांना हा अधिकार दिला तर राजकीय हस्तक्षेप वाढणार नाही का?

ही भीती खरी आहे आणि तिला सहज उडवून लावता येणार नाही. म्हणूनच मर्यादा आधी ठरवल्या पाहिजेत. समितीने साधने, तास, भाषा, पोच आणि तक्रारनिवारण यांविषयी विचारावे. अमुक बातमी का दिली किंवा का दिली नाही, हे विचारू नये. तिचे अध्यक्षपद, लोकलेखा समितीच्या संकेताप्रमाणे, विरोधी पक्षाकडे असावे. सुनावणी उघड व्हावी. तिला आदेश देण्याचा अधिकार नसावा. तिच्या शिफारशीला महामंडळाने लेखी उत्तर द्यावे, एवढेच बंधन असावे. आजचा हस्तक्षेप बंद दाराआड होतो आणि त्याची नोंद राहत नाही. उघड्या सुनावणीत केंद्राच्या अधिकाऱ्याला ‘हे आम्हाला करता येणार नाही’ असे सर्वांसमक्ष सांगता येते, आणि ते त्याच्या संरक्षणाचे ठरते.

गोव्याची स्थिती काय आहे?

पणजी केंद्राला पोर्तुगीज काळातील रेडिओचा वारसा आहे आणि मुक्तीनंतर ते आकाशवाणीत आले. कोंकणी आणि मराठी या दोन्ही भाषांना तेथे न्याय द्यावा लागतो. गोव्याला लोकसभेच्या दोन आणि राज्यसभेची एक अशा तीनच जागा आहेत. त्यामुळे संसदेतील प्रश्नोत्तरांवर विसंबून त्याचे भागणार नाही. राज्याच्या विधानसभेत वार्षिक चर्चा व्हावी ही गरज महाराष्ट्रापेक्षा गोव्याला अधिक आहे.

जुन्या ध्वनिमुद्रणांचे काय?

ती सार्वजनिक ठेव आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. प्रत्येक केंद्रातील मराठी ध्वनिफितींची सूची जाहीर करणे आणि त्यांचे डिजिटल रूपांतर कुठवर आले हे दरवर्षी सांगणे, एवढे तरी त्यानिमित्ताने व्हावे.

सामान्य श्रोत्याने काय करावे?

प्रसार भारतीला माहिती अधिकार कायदा लागू आहे. आपल्या जिल्ह्यातील केंद्राची मंजूर पदे किती, भरलेली किती, दिवसाचे स्वनिर्मित प्रसारण किती तासांचे आणि गेल्या पाच वर्षांत त्यात काय फरक पडला, एवढी माहिती दहा रुपयांच्या शुल्कात मागता येते आणि तीस दिवसांत उत्तर मिळणे अपेक्षित असते. ती मिळाली की आपल्या खासदाराला पत्र लिहून एकच प्रश्न सभागृहात विचारायला सांगावे: प्रसार भारती कायद्याच्या तेराव्या कलमातील समिती कधी स्थापन होणार आणि ती आजवर स्थापन न होण्याची कारणे कोणती? लोकसभेच्या याचिका समितीकडे अर्ज करण्याचा मार्गही नागरिकांना खुला आहे. आमदारांकडे वर सांगितलेल्या ठरावाची मागणी करावी, आणि पत्रासोबत माहिती अधिकारातून मिळालेल्या उत्तराची प्रत जोडावी.